पोरं किती?

“दोन,” गार्थ म्हणाला.

पोर्ट व्हिलाच्या बाजारात पपनसांच्या ढिगामागे बसलेल्या बाईने सहज विचारलं होतं. इथे सगळेच विचारतात, नाव विचारायच्या आधी विचारतात. “आणि पोरं किती, बाबा?” त्याची बायको नोलीन तेव्हा एक पपनस हातावर जोखत होती. या प्रश्नाचं उत्तर नेहमी तिच्याच तोंडून जायचं, म्हणून ती मान वर करून बोलणारच होती, तेवढ्यात तो म्हणाला. आवाज चढवून नाही की दबकत नाही, कुणी वाट विचारल्यावर सांगावी तसं. “दोनच?” बाई म्हणाली, “एवढी धिप्पाड म्हातारी, आणि दोनच?” आणि तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. दोघी खिदळल्या. गार्थही हसला. नोलीनच्या हातातलं पपनस हातातच राहिलं. विमान खाली उतरताना कानात दडे बसतात तसे तिच्या कानांत बसले. बाजार चालू होता, बायका नारळाच्या पानांच्या टोपल्या ओढत होत्या, कोनफळांवरची माती झटकत होत्या, आणि यातलं काही तिला ऐकू येत नव्हतं. तिने पपनस खाली ठेवलं. “नको का?” बाईने विचारलं. “नको,” ती म्हणाली, आणि बाजाराच्या उघड्या बाजूने वर टेकडीकडे बघितलं. टेकडीवर इस्पितळ होतं. तिसरा, म्हणजे खरं तर पहिला, तिथे झाला होता.

तेव्हा ती त्याच इस्पितळात नर्स होती आणि गार्थ जमिनी मोजायच्या खात्यात होता; दिवसभर झाडीत फिरून संध्याकाळी मांड्यांपर्यंत चिखलाने माखून यायचा. दोघांना इथली बिस्लामा बोली येत होती, दोघांना कावाच्या मुळांचा रस पिऊन जीभ बधिर होईपर्यंत गप्पा मारायची सवय लागली होती, आणि आपण इथेच म्हातारे होणार असं दोघांना वाटत होतं. कीरन झाला तेव्हा सुईण म्हणाली होती, हा डोळे उघडे ठेवूनच आला, याला सगळं बघायचंय. मग ते ऑस्ट्रेलियाला परतले, न्यूकॅसलला घर घेतलं, ब्रॉन्विन झाली, माइल्स झाला. गार्थने कीरनला पोहायला शिकवलं, मग शीड बांधायला, मग वारा ओळखायला. पोरगा जमिनीवर कधी नीट उभा राहिलाच नाही. शाळा सोडून लोकांच्या शिडाच्या बोटी या बंदरातून त्या बंदरात पोचवायला लागला. शेवटचा फोन सुवा बंदरातून आला होता. “आई, एका बोटीवर जागा मिळालीय. पोचलो की फोन करतो.” बोटीचं नाव तिने विचारलं नाही. शेगडीवर दूध होतं. दूध उतू जाईल म्हणून तिने “बरं, जप” म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर पोलिसांनी, बंदरवाल्यांनी, तीन देशांच्या माणसांनी तिला तेच विचारलं, बोटीचं नाव काय, आणि दर वेळी तिच्या नाकात करपल्या दुधाचा वास यायचा.

त्यानंतर दर हिवाळ्यात दोघं पाठीवर सॅका टाकून निघत. न्यूकॅसलचे शेजारी म्हणत, काय उत्साह आहे बाई या वयात! ब्रॉन्विन म्हणे, “आई, निदान हॉटेलात तरी राहा. बाबांचे गुडघे बघ.” पण हॉटेलात हरवलेली माणसं सापडत नाहीत. ती सापडली तर धक्क्यावर सापडतात, गावाबाहेरच्या झोपडीत, कुणाची तरी होडी दुरुस्त करताना, दाढी वाढवून, भाषा विसरून. हे नोलीनने मोठ्याने कधीच म्हटलेलं नव्हतं. टोंगा झालं, सामोआ झालं, सॉलोमनची बेटं झाली. ती म्हणायची, यंदा इकडे जाऊ या, ऐकलंय छान आहे. आणि तो नकाशा काढून बसायचा. आपण काय करतोय हे दोघांनीही एकमेकांपासून लपवून ठेवलं होतं, आणि तिला वाटायचं की फक्त तिनेच लपवून ठेवलंय. कुठल्याही गावात गेलं की बायका विचारायच्या, पोरं किती, आणि ती म्हणायची, तीन. तो शब्द उच्चारला की तेवढ्यापुरता कीरन असायचा. जगात कुठेतरी एका अनोळखी बाईच्या डोक्यात तो जिवंत होऊन बसायचा. एवढ्यासाठीही ती गावोगाव हिंडली असती. आणि आता गार्थने, कीरनच्याच जन्मगावात, भर बाजारात, त्याला एका शब्दात पुसून टाकलं होतं.

तिला वाटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी खाणावळीत तो माशाचे काटे काढत बसला होता आणि त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्या दोऱ्याकडे बघून तिला बोलवेना. मग एपी बेटाकडे जाणाऱ्या मालबोटीवर, तांदळाच्या पोत्यांवर आडव्या झालेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, पोरं किती. ती थांबली. मुद्दाम थांबली, त्याला संधी द्यावी म्हणून. गार्थ समुद्राकडे बघत म्हणाला, “दोन. मुलगी पर्थला असते, मुलगा शिक्षक आहे.” म्हातारा म्हणाला, “बरंय, बरंय, दोन तर दोन.” एपीवर ज्यांच्याकडे उतरले त्या घरच्या सुनेने विचारलं, तेव्हाही तेच. आता तो शब्द तिला आधीच ऐकू यायचा. कुणी बाई हसत पुढे आली, हात धरला, की नोलीन मनाशी म्हणायची, आता विचारेल, आता तो म्हणेल. आणि तो म्हणायचा, आणि ती गप्प राहायची. सगळ्यांत वाईट ते होतं. पहिल्यांदा गप्प राहिली तेव्हा तो एकट्याचा शब्द होता. दुसऱ्या-तिसऱ्यांदा गप्प राहिली तेव्हा तो दोघांचा झाला. किनाऱ्याच्या वाटेने ती पुढे आणि तो मागे असं चालताना त्याची काठी खडकांवर टकटक वाजायची, आणि तिला वाटायचं, हा माणूस माझ्या मागून चालत चालत माझ्या पोराला गाडत येतोय. लगेच स्वतःचीच लाज वाटायची. ती थांबून म्हणायची, “पाणी हवंय का?” तो म्हणायचा, “दे.” दोघं एकाच बाटलीतून पाणी प्यायचे आणि पुन्हा चालायला लागायचे.

एपीहून अम्ब्रिम बेटावर न्यायला ओबेद तयार झाला. त्याची फायबरची होडी होती आणि तिच्या ढुंगणाला एक जुनं इंजिन. तिशीतला माणूस, गळ्याखाली उतरलेली, कंगवा न लागलेली दाढी. “वारा जरासा आहे,” तो म्हणाला, “पण मावशीला आज पोचवायचंच आहे, तुम्ही बसा मधे.” मावशी म्हणजे रोझीना, नोलीनच्याच वयाची, फुलाफुलांच्या ढगळ झग्यातली बाई. ती आधीच होडीत बसलेली होती, केवड्याच्या पानांच्या चटयांच्या भल्यामोठ्या गुंडाळीला पाठ टेकून, पायाशी बांधून पाडलेलं एक डुक्कर. उद्या तिच्या बहिणीच्या गावात जेवण होतं. बहिणीचा मुलगा जोनास मासेमारीला गेला होता. होडी उलटी सापडली, तो सापडला नाही. उद्या त्याचा शंभरावा दिवस. हे तिने नोलीनला होडी किनाऱ्यावरून सुटायच्या आत सांगून टाकलं, डुकराचं वय सांगावं तितक्या सहज, आणि मग नोलीनच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “आणि म्हातारे, तुला पोरं किती?”

इंजिन सुरू झालं त्या आवाजात गार्थचे ओठ हलले ते तिने बघितले. तिला ऐकावं लागलं नाही.

लोपेवीच्या ज्वालामुखीचा सुळका उजव्या हाताला होता, माथ्यावर धुराची शेंडी. लाटा मागून यायच्या, होडीचं बूड उचलायच्या आणि अलगद पुढे सोडायच्या. नोलीनने डोळे मिटून घेतले होते. ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलत होती. किती दिवस बोलत होती. वाक्यं तयार होती, धारदार, एकेक घासून ठेवलेली. तेवढ्यात इंजिन खोकलं. पुन्हा धरलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. एकदम इतकी शांतता झाली की डुकराचा श्वास ऐकू यायला लागला.

“झालं,” रोझीना म्हणाली. “याचं इंजिन याच्या बापावर गेलंय. सकाळी कामाला तयार, दुपार झाली की आडवं.”

“मावशी, गप बस जरा.” ओबेदने दोरी खेचली. पुन्हा खेचली. मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. “पाणी आहे पेट्रोलमध्ये.”

“कुणी घातलं?”

“देवानं घातलं! मला काय माहीत?”

गार्थ सरकत सरकत मागे गेला. दोघांनी नळी सोडवली, रोझीनाच्या डोक्याचं फडकं मागून घेतलं आणि त्यातून पेट्रोल डब्यात गाळायला लागले. होडी आडवी झाली होती. लाट बगलेवर आली की डबा हिंदकळायचा आणि गाळलेलं सांडायचं. पुन्हा पहिल्यापासून. नोलीनने आजूबाजूला बघितलं. एपी मागे निळं होऊन गेलं होतं. समोर अम्ब्रिम होतं, पण मघाशी नाकासमोर होतं ते आता उजवीकडे सरकलं होतं. तिने पुन्हा बघितलं. सरकतच होतं. होडी पश्चिमेला वाहून चालली होती आणि पश्चिमेला नजर पोचेल तिथवर काही नव्हतं. तिने रोझीनाकडे पाहिलं. रोझीनाही तेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा वाळत चालली होती. “जोनासला यानेच नेलं,” ती हळूच म्हणाली. “हाच प्रवाह.” ओबेदने ते ऐकलं. त्याचे हात क्षणभर थांबले. जोनास त्याचा मावसभाऊ होता, बरोबरीचा.

गार्थ परत येऊन नोलीनसमोर बसला. त्याचे हात पेट्रोलने ओले होते. त्याने ते गुडघ्यांवर दाबून धरले. “होईल सुरू,” तो म्हणाला. त्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली, आणि ती जीभ बघून, का कोण जाणे, तिच्या मनात घासून ठेवलेली सगळी वाक्यं गळून पडली आणि एकच उरलं.

“तू दोन का म्हणालास?”

“काय?”

“व्हिलात. बोटीवर. एपीला. आत्ता, हिला. दोन का म्हणतोस?”

“नोलीन, हे आत्ता विचारायचंय तुला? इथे?”

“इथेच. मग कुठे विचारू, कबरीत?”

एक लाट आली, गेली. ते इंग्रजीत बोलत होते. ओबेद इंजिनावर वाकलेला होता, रोझीना डुकराचे कान धरून बसली होती. “तू तीन म्हणतेस,” तो म्हणाला, “मग त्या विचारतात, तिसरा कुठे असतो. तू सांगतेस, बोटीवर. मग त्या म्हणतात, हो का, मग कधी येणार? आणि मग संध्याकाळी तू जेवत नाहीस. ताटात चमचा फिरवत बसतेस. मला ते बघवत नाही गं.”

“खोटं.”

“अर्धं खोटं.” त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पेट्रोलने आणखीच धुरकट झाला. “मला बघायचं होतं, म्हटलं तर कसं वाटतं. त्या बाईने विचारलं आणि मी म्हटलं. आणि हलकं वाटलं, नोलीन. सॅक उतरवल्यावर खांदे वर येतात ना, तसं. मी घाबरलो. म्हणून पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा तसंच वाटलं.”

“म्हणजे तुझ्या लेखी तो मेला.”

“मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. पण मी थकलोय.”

“थकलायस तर आलास कशाला? राहायचंस घरी, गुडघे शेकत!”

“तू निघालीस म्हणून आलो.” त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुला काय वाटतं, मला कळत नाही? टोंगात तू धक्क्यावर बसून राहायचीस, आत येणारी प्रत्येक शिडाची बोट बघत, आणि मला सांगायचीस की हवा छान आहे. होनिआरात त्या कीरनसारख्या लाल केसांच्या माणसामागे तू बाजारभर पळालीस. मी मागून येत होतो. मी बघितलं तो वळला तेव्हा तुझं तोंड कसं झालं. मी दुकानात शिरलो, मला काहीतरी घ्यायचंय असं दाखवलं, तुला कळू नये म्हणून. दर वर्षी, नोलीन! दर वर्षी मी नकाशा काढतो आणि वाटतं, आता कुठलं बेट उरलंय? आणि शीड बांधायला त्याला कुणी शिकवलं? तू नाही शिकवलंस.”

शेवटचं वाक्य त्याने तिच्याकडे न बघता म्हटलं. नोलीनला वाटलं होतं की त्या फोनचं, त्या दुधाचं ओझं एकटीचं आहे. इतकी वर्षं एका गादीवर झोपून तिला एकदाही वाटलं नव्हतं की शेजारच्या माणसाच्या छातीवरही तसलंच काही बसलेलं असेल. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून राग विझला असंही झालं नाही. दोन्ही तसेच शेजारी शेजारी राहिले.

“भांडा, भांडा,” रोझीना बिस्लामात म्हणाली. तिला शब्द कळले नव्हते, बाकी सगळं कळलं होतं. “पोटात ठेवून बुडू नये माणसानं. पण मग झालं की हात चालवा. बघा तिकडे.”

अम्ब्रिमचं टोक आता जवळजवळ बाजूला आलं होतं. अजून थोडं, आणि ते मागे पडलं असतं. ओबेदने दोरी खेचली. इंजिन नुसतं खाकरलं. त्याने ते सोडून दिलं आणि वल्हं उचललं, होडीतलं एकुलतं एक वल्हं. एकट्याने वल्हवून काही होणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, त्यालाही. वारा पाठीशी होता. दिवसभर पाठीशीच होता. गार्थने मान वर केली, कानशिलावर वारा घेतला, जसा तो पूर्वी घ्यायचा, आणि शिडासाठी चटयांच्या गुंडाळीकडे हात नेला.

“नाही,” रोझीना लगेच म्हणाली. तिने गुंडाळीवर हात टाकला. “हे जोनासचं आहे. नवं आहे. याला पाणी लागायचं नाही.”

गार्थने हात मागे घेतला. रोझीना तशीच बसली होती, चटयांवर आडवा हात, तोंड घट्ट मिटलेलं. वर्षभर पानं सोलून, उकळून, वाळवून, लाल रंगात बुडवून विणलेलं काम. मग तिने ओबेदच्या पाठीकडे पाहिलं. त्याने वल्हं मारणं थांबवलं नव्हतं आणि तो आवाज न करता रडत होता. “अरे देवा, रडतोय काय,” ती म्हणाली, “तुलाही माशांना खायला घालू का मी?” आणि दातांनी दोरी सोडून तिने सगळ्यात मोठी चटई उलगडली.

दोघी म्हाताऱ्या होडीच्या मधे गुडघ्यांवर बसल्या आणि चटई दोन बाजूंनी डोक्यावर धरली. खालची टोकं गार्थने दोरीने आडव्या फळीला बांधली आणि तो नोलीनच्या मागे बसला, तिच्या कोपरांना खालून आधार देत. वारा भरला तशी चटई इतक्या जोरात ओढली गेली की नोलीनच्या खांद्यातून कळ आली. “ढिली सोड,” तो तिच्या कानाशी म्हणाला, “आता घे. घे. अशीच.” हाच आवाज, हेच शब्द, न्यूकॅसलच्या बंदरात, लहानशा होडीत बसलेल्या पोराला, ती किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभी असायची आणि पाण्यावरून ऐकू यायचं, ढिली सोड, आता घे. ती ऐकत राहिली. हात बधिर झाले, मग दुखायला लागले, मग पुन्हा बधिर झाले. चटईचा लाल रंग ओल्याने सुटून मनगटांवरून उतरत होता. शेजारी रोझीना कुठलंसं प्रार्थनेचं गाणं दात आवळून म्हणत होती, आणि मधेच थांबून ओबेदला शिव्या देत होती, सरळ धर, मेल्या, सरळ! मरायचं नाही, एवढाच विचार नोलीनच्या डोक्यात उरला होता, आणि तिला त्याचं आश्चर्य वाटत होतं. इतक्या वर्षांत तिने समुद्राकडे कधी फार तिरस्काराने पाहिलं नव्हतं. तो तिथे आहे, आपणही कधीतरी तिथे जाऊ, असं काहीतरी तिच्या मनाच्या तळाशी असायचं. आता तिला कळलं की तिला तिथे जायचं नाहीये. तिला काळ्या वाळूवर उतरायचं होतं, लघवीला जायचं होतं आणि काहीतरी गरम खायचं होतं.

ऊन कलताना होडी अम्ब्रिमच्या काळ्या वाळूला लागली. गावापासून जरा अलीकडेच, पण लागली. डुक्कर सगळ्यांत आधी ओरडलं. किनाऱ्यावरून माणसं धावत आली, आणि त्यांच्या पुढे एक किडकिडीत बाई, पाण्यात कमरेपर्यंत शिरली, आणि ओबेदचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिली. ती तबिता होती, रोझीनाची बहीण, जोनासची आई. रोझीनाने तिला चटई दाखवली. खारट पाण्याने रंग पसरून लाल नक्षीचा चिखल झाला होता. “माझ्या हातून नासली,” ती म्हणाली, “नवी आणेन.” तबिताने चटईवरून तळवा फिरवला. “ही तर जोनासनंच वापरली, तुम्हाला आणायला,” ती म्हणाली. “असू दे.”

सकाळी गाव लवकर उठलं. बायका कोनफळं किसत होत्या, केळीची पानं विस्तवावर धरून मऊ करत होत्या, दगड तापत होते. जिथे ओढा समुद्राला मिळतो तिथे बाजूला आधाराची उलांडी असलेल्या एका जुन्या होडीवर पुरुष ओळीने बसले होते, जोनासचे भाऊ, चुलतभाऊ, मामे, सगळे दाढीवाले. त्याच्या जाण्यापासून कुणाच्याही चेहऱ्याला वस्तरा लागला नव्हता; आज दाढी उतरली की दुखवटा संपायचा. गावचा एक वडीलधारा साबणाचा फेस करून एकेकाची दाढी काढत होता. काढून झाली की तो माणूस ओढ्यात तोंड धुवायचा, उठायचा आणि कामाला लागायचा. कुणी रडत नव्हतं. ओबेदची झाली तेव्हा खालून एकदम पोरगेलं तोंड निघालं आणि बायकांकडून कुणीतरी ओरडलं, “अरे, हा तर अजून लग्नाचा दिसतो!”

नोलीन तबिताजवळ बसली होती, पानांचे देठ काढत. तबिता पुरुषांकडे बघत होती. “इतके दिवस मी यांच्या दाढ्यांकडे बघून काढले,” ती म्हणाली. “दाढी बघितली की वाटायचं, तो अजून घरात आहे. आता कशाकडे बघू?”

तेवढ्यात नोलीनला गार्थ दिसला. तो झोपडीतून निघून वाळूवरून चालत होता, काठी न घेता. होडीपाशी गेला, थोडा घुटमळला, आणि ओळीच्या टोकाला बसला. शेजारचा माणूस सरकला. गार्थच्या गालांवर प्रवासात वाढलेले पांढरे खुंट होते, त्याला दाढी म्हणायचं तर म्हणावं इतकेच.

नोलीनच्या हातातला देठ मोडला. ती काय बघतेय हे तिला पूर्ण कळत होतं. ओबेदने ओढ्यातून मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एक शब्द ती ओरडली असती तर ते थांबलं असतं. गार्थ उठून आला असता. तो कायम उठून आला होता. ओरडावं असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी त्याचे ते उतरलेले खांदे, साठ-सत्तर वर्षांची वाकलेली मान, आपली पाळी यायची वाट बघत शाळकरी पोरासारखे मांडीवर ठेवलेले हात.

“तुझा म्हातारा कुणासाठी बसलाय?” तबिताने विचारलं.

“आमच्या मोठ्यासाठी. कीरन त्याचं नाव.”

“गेला?”

“हरवला.”

तबिताने मान डोलावली. तिला यातला फरक समजावून सांगायची गरज नव्हती. “मग तुला नसेल पटलं तर तू नको जेवू आजचं,” ती म्हणाली. “मी जेवणार आहे. सगळ्यांनी रांधलंय म्हणून. पोटात जाईल, मनात जाईल की नाही कोण जाणे.”

नोलीन उठली. झोपडीच्या दोरीवर वाळत घातलेलं पंच्यासारखं फडकं तिने ओढून घेतलं आणि वाळूवरून चालत गेली. गार्थच्या अर्ध्या तोंडाला फेस लागला होता. तो तिला येताना बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती, कालच्या समुद्रावरही नव्हती एवढी.

“थांबवणार आहेस?”

“नाही. मान वर कर, कापेल तो.”

त्याने मान वर केली. वडीलधाऱ्याने वस्तरा चालवला, हनुवटीखालून, गालावरून, कानामागून. ती बाजूला उभी राहिली फडकं धरून. झाल्यावर गार्थने ओढ्याचं पाणी तोंडावर मारलं आणि आंधळ्यासारखे हात पुढे केले, आणि तिने त्याचं तोंड स्वतःच पुसलं. कानाच्या पाळीत फेस राहिला होता, तोही पुसला. फडक्यात तोंड ठेवून तो थोडा वेळ तसाच राहिला. तिने घाई केली नाही.

“मी नाही हं केलं हे,” ती म्हणाली. “तू केलंस. माझ्यासाठी तो आहे.”

“ठाऊक आहे.”

“मी जेवणार नाही आज.”

“नको जेवू.” त्याने फडकं खाली घेतलं. उघडा गाल गुलाबी आणि अनोळखी दिसत होता. “मी आता त्याला शोधणार नाही, नोलीन. कुणा लाल केसाच्या माणसाकडे बघणार नाही. पण तुला मालेकुला बेटावर जायचंय ना?”

मालेकुलाचं नाव तिने त्याच्यापुढे अजून काढलेलंच नव्हतं.

“जाऊ या,” तो म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून, एक कण्हणं गिळून उठला. “फक्त बोट दुसऱ्या कुणाची तरी बघ.”